अनियमित क्रियापद

परवा दुपारी नात जर्मनचे पुस्तक हातात घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. "इश बिन, डू बिस्ट, एर इस्ट..." मला आधी वाटले, ही "इश्श" कुणाला म्हणतेय! मग कळले की जर्मनमध्ये "इश" म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी चाचणी होती आणि "झाइन" म्हणजे "असणे" या क्रियापदाची सर्व काळांतली रूपे पाठ करायची होती. थोड्या वेळाने वैतागून म्हणाली, "आबा, मूळ शब्द झाइन. मग बिन कुठून आला? आणि भूतकाळात एकदम वार? काही ताळमेळ आहे का याला?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "अगं, अनियमित क्रियापद आहे ते. पाठ करून टाक."

हे वाक्य मी वर्गात किती वर्षे म्हटले असेन! "गो"चे भूतकाळात "वेन्ट" का होते, असे एखाद्या मुलाने विचारले की माझे हेच उत्तर. मुलगा खाली बसायचा आणि पुन्हा काही विचारायचा नाही. तेव्हा मला वाटे, शंका फिटली. आता वाटते, आपण त्याचे विचारणेच बंद केले. म्हणून या खेपेला जरा पुस्तके काढून बसलो.

वर्तमानकाळाची रूपे अशी : इश बिन, डू बिस्ट, एर इस्ट, विअर झिंट, ईर झाइट, झी झिंट. म्हणजे मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. भूतकाळात वार, वारन. पूर्ण काळात "इश बिन गेवेझन", आणि भविष्यकाळात "इश वेर्ड झाइन". आता यातले "इस्ट" आणि "झिंट" शेजारी ठेवून आपले "अस्ति" आणि "सन्ति" म्हणून पाहा. ज्याने शाळेत थोडेसे संस्कृत केले आहे त्याच्या कानाला हे नाते लगेच कळेल.

हे नाते पद्धतशीरपणे मांडले ते फ्रान्झ बोप या जर्मन तरुणाने. १७९१ साली माइन्झला जन्मलेला हा माणूस १८१२ मध्ये पॅरिसला गेला आणि तिथे संस्कृत शिकला. १८१६ साली फ्रँकफुर्टला त्याचे पुस्तक निघाले. त्याचा विषय काय, तर संस्कृत क्रियापदे कशी चालतात आणि ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतल्या क्रियापदांशी त्यांची तुलना! तुलनात्मक भाषाशास्त्राची सुरुवात बरेच जण या पुस्तकापासून मानतात. म्हणजे माझी नात जे कंटाळत घोकत होती, तशाच कोष्टकांतून एक शास्त्र उभे राहिले. "असणे" या धातूने तर बोपला इतके झपाटले की इतर क्रियापदांच्या प्रत्ययांतला "स"ही त्याला "अस्"चाच वाटू लागला. त्यातले बरेचसे पुढच्या विद्वानांनी नाकारले. असो.

तर उलगडा असा, की "झाइन" हे एक क्रियापद नाहीच. तीन जुन्या धातूंचे ते एकत्र कुटुंब आहे. इस्ट, झिंट, झाइन ही मंडळी आपल्या "अस्"च्या घरची. "बिन"मधला "ब" आपल्या "भू"चा भाऊबंद. जुन्या जर्मनमध्ये ते "बिम" होते, आणि शेवटचा तो "म" म्हणजे आपल्या "अस्मि"मधला "मि". वार आणि गेवेझन ही "वस्"ची, म्हणजे राहणे, वस्ती करणे याची नातलग. काल जो राहिला, तो "होता"!

पण "गेवेझन"मध्ये स-झचा आवाज आणि "वार"मध्ये "र", हे कसे? मध्ययुगीन जर्मनमध्ये एकवचन "वास" आणि अनेकवचन "वारन" असे होते. इंग्रजीत अजून "वॉज" आणि "वेअर" आहेच. पुढे जर्मन लोकांनी "र" एकवचनातही नेला. मुळात हा "स"चा "र" का झाला, ते कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले. त्याला किल्ली सापडली वैदिक संस्कृतच्या स्वरांत. एकवचनात आघात धातूवर, अनेकवचनात प्रत्ययावर. आधीच्या स्वरावर आघात नसेल तिथे "स" मऊ होऊन "झ" झाला आणि पुढे त्याचा "र" झाला. जर्मनमधून तो आघात केव्हाच नाहीसा झाला, पण आपल्या वेदपाठकांनी तो पिढ्यान् पिढ्या तोंडी जपून ठेवला होता. पाठांतराला नावे ठेवायला निघालेला मी इथे जरा थबकलो!

पाणिनीलाही ही भानगड ठाऊक होती. काही प्रत्ययांपूर्वी "अस्"च्या जागी "भू" घ्यावा, असे त्याने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. म्हणून तर "अस्ति"चा भविष्यकाळ "भविष्यति". त्याने त्याला अनियमित म्हणून सोडून दिले नाही, नियमात बसवले.

इथे एक सांगायलाच हवे. हे ऐकून आपल्यापैकी अनेकांची छाती फुगते, "बघा, जर्मन संस्कृतातूनच निघाली!" मीही वर्गात हे ठोकून दिले आहे. ते चूक होते. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स म्हणाला ते असे, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून आल्या आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. म्हणजे संस्कृत ही जर्मनची आई नव्हे, बहीण. आणि शब्दांचे नाते म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. या दोहोंची गल्लत करून विसाव्या शतकात जर्मनीत काय अनर्थ झाला, ते आपण जाणतोच.

मग ही रूपे मोडकीतोडकी का राहिली? रोजच्या वापरातली म्हणून. मूल ती नियम कळण्याआधीच कानाने उचलते. जे क्रियापद कमी लागते ते हळूहळू सरळ होते. "बाकन", म्हणजे भट्टीत भाजणे, याचा भूतकाळ पूर्वी "बूक" होता, आता बहुतेक लोक "बाक्टे" म्हणतात. म्हणजे अनियमित याचा अर्थ बेशिस्त नव्हे, घरातले सर्वांत जुने आणि रोज हाताळलेले भांडे!

रात्री नातीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग आपलं पण तसंच की! आहे, होता, असेल." मी चाटच पडलो. "होता" भूचे, "असेल" अस्चे. सत्तरी ओलांडली, मराठीतून बीए केले, जन्मभर मास्तरकी केली, पण हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

चाचणीत "ईर झाइट" तिचे चुकलेच. पण आता ती प्रश्न विचारायला पुन्हा माझ्याकडे येते.