लोटाखालून

२८ मे १९९१. फिलिपिन्समधलं लुझोन बेट. पिनाटुबो ज्वालामुखीच्या लोटाखालून चाललेल्या विमानात तुम्ही बसला आहात. सुमारे पाचशे वर्षं गप्प असलेला हा डोंगर रानाने झाकलेला आहे. एप्रिलमध्ये त्याच्या अंगाला तडा गेला, वाफ फुटली. वाफ तर भूजलाचीही असते. खाली नवा शिलारस वर चढतोय का, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर तुमच्या मांडीला टेकलेल्या पेटीत आहे. कॉस्पेक तिचं नाव. मुळात कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर मोजायला ती बनवली होती. तिची दुर्बीण वर आकाशाकडे वळवलेली आहे. सल्फर डायऑक्साइड सूर्यप्रकाशातले अतिनील किरण गिळतो. जितका वायू जास्त, तितका तो प्रकाश कमी.

विमान लोट आडवा कापू लागतं. कागदाच्या पट्टीवरची लेखणी आधी सरळ रेघ ओढते, मग चढत जाते. नाकाला काडी ओढल्यासारखा वास येतो. पलीकडे निघताच लेखणी खाली येते. आता त्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ काढायचं आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. वारा चुकला तर सगळंच चुकतं, म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा कापता.

सल्फर डायऑक्साइड दिवसाला पाच हजार टनांहून जास्त. दोन आठवड्यांपूर्वी पाचशे होते. म्हणजे शिलारस वर येतोय.

आणि मग, जूनच्या सुरुवातीला, आकडा घसरतो. पाचशेच्याही खाली. जवळच्या क्लार्क हवाई तळावरचं कुणीतरी सुटकेचा श्वास टाकतं. तुमच्या पोटात मात्र गोळा येतो. भूकंप थांबलेले नाहीत. मग वायू गेला कुठे? शिलारसातला वायू संपला असेल, किंवा वाट बुजून तो आत कोंडला असेल. पट्टीवरची सपाट रेघ दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत भीतीदायक वाटते ती हीच रेघ.

१० जूनला आकडा तेरा हजारांच्या घरात. त्याच दिवशी क्लार्कवरून सुमारे साडेचौदा हजार माणसं गाड्यांच्या रांगा लावून सुबिकच्या नौदल तळाकडे निघतात.

१५ जूनला डोंगराचा माथा उडतो. त्या आकाशात कुठलंच विमान जाऊ शकत नाही. वरून जाणारा निंबस-७ उपग्रह तोच हरवलेला अतिनील प्रकाश दुसऱ्या बाजूने मोजतो: दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड.