धुराची खूण आणि घराची जाग

आमच्या देशांत तर्कशास्त्राचा पहिला धडा धुरापासून सुरू होतो. अन्नंभट्टानें सतराव्या शतकांत लिहिलेला 'तर्कसंग्रह' हातीं घेतलेल्या कोणाही विद्यार्थ्यास डोंगरावर दिसणारा धूर, त्यावरून अनुमानिलेला अग्नि आणि दृष्टांतादाखल आणलेलें स्वयंपाकघर हीं तीन्ही पाठ असतात. पुढें शंकांची मालिका येते. दुरून दिसणारी वाफ धूर समजून कोणीं अग्नीचें अनुमान केलें तर काय? आणि धूर नाहीं म्हणून अग्निहि नाहीं असें म्हणतां येईल काय? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर कोठें आहे? हे सारे प्रश्न आजवर पाठशाळेंतील वादासाठींच आहेत असें मानलें गेलें. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत मनुष्यानें हेंच अनुमान एका लहानशा डबीकडे सोंपविलें आहे. घराच्या छतास लावावयाची ही डबी म्हणजे धूम्रसूचक यंत्र, अर्थात् लोकभाषेंत 'स्मोक अलार्म'. तिचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, घर कोणीं जागें ठेवावयाचें या जुन्या प्रश्नाचाच तो एक अध्याय आहे.

प्राचीन काळीं ही जबाबदारी साऱ्या वस्तीची होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागरकाचीं कर्तव्यें सांगणाऱ्या प्रकरणांत आगीविषयीं जे नियम आहेत ते आजहि लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहेत. उन्हाळ्यांत भर दुपारीं घरांत विस्तव पेटवूं नये, स्वयंपाक बाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा आणि चामड्याची पखाल हीं साधनें सिद्ध ठेवावीं. रस्त्यांवर व चौकांत पाण्याचे हजारों घडे मांडून ठेवावे. रात्रीं घरधन्यांनीं आपापल्या दाराशीं असावें. आग लागल्याचें कळूनहि जो घरधनी धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण दंड आणि भाडेकऱ्यास सहा. निष्काळजीपणानें आग लावणारास चौपन्न पण. दंडाचा हा चढता क्रम पाहिला म्हणजे शास्त्रकाराचा कटाक्ष ध्यानांत येतो. त्याच्या दृष्टीनें आग ही एका घराची आपत्ति नसून नगराची आहे. म्हणून जागें राहणें ही कृपा नव्हे, कर्तव्य आहे.

तरीहि लांकूड, गवत आणि कौलें यांनीं उभारलेलीं आमचीं शहरें वारंवार जळत आलीं. १८०३ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या कोटांत लागलेल्या आगीनें त्या वस्तीचा मोठा भाग खाल्ला. १८२८ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या शनिवारवाड्यास आग लागली. ती सात दिवस धुमसत राहिली असें सांगतात. पेशवाई जाऊन दहा वर्षें लोटलीं होतीं. सागवानी खांब, नक्षीदार तक्तपोशी आणि दिवाणखाने भस्म झाले. दगडी जोतें व तटबंदी तेवढी उरली. ज्या वाड्याच्या प्रत्येक दारावर एके काळीं पहारा असे, त्याचें लांकूडकाम असें गेलें.

मुंबईस १८८७ सालीं अग्निशमनाचें काम नगरपालिकेच्या अंगावर आलें आणि पगारी बंबवाल्यांची व्यवस्था स्थिरावली. परंतु बंब कितीहि चपळ असला तरी त्यास वर्दी द्यावी लागते. हें सत्य १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईनें फार भयंकर रीतीनें अनुभविलें. व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजांत चौदाशें टनांच्या आसपास स्फोटक द्रव्यें होतीं आणि त्यांच्याच संगतींत कापसाच्या गांठी रचलेल्या होत्या. कापूस आंतल्या आंत धुमसत होता. शेजारच्या जहाजांवरील लोकांस त्या बाजूनें धूर निघतांना दुपारच्या सुमारासच दिसला होता. पण वर्दी कोणीं दिली नाहीं. जहाजावर आरोळी उठली ती दोन वाजण्याच्या सुमारास. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला प्रचंड स्फोट झाला. बंबखात्याचे ६६ जवान त्या दिवशीं कामीं आले. आज देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. नैयायिकाच्या भाषेंत सांगावयाचें तर हेतु प्रत्यक्ष होता, व्याप्ति सर्वांस ठाऊक होती, परंतु अनुमान करून ओरडण्याचें काम आपलें आहे असें कोणासच वाटलें नाहीं.

हें ओरडण्याचें काम यंत्रानें करावें हा विचार त्याहून जुना आहे. एडिसनचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनीं १८९० सालीं अमेरिकेंत विजेच्या अग्निसूचकाचा एकस्वाधिकार मिळविला. १९०२ सालीं बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांनीं इंग्लंडांत असेंच एक यंत्र नोंदविलें. पण हीं उष्णतेनें जागीं होणारीं यंत्रें. खोली तापेपर्यंत तीं मुकीं राहत. धूर ओळखणारें यंत्र सांपडलें तें जवळजवळ अपघातानें. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील वाल्टर येगर हे विषारी वायु ओळखण्याचें साधन शोधीत होते. वायूचा कांहींच परिणाम होईना, तेव्हां कंटाळून त्यांनीं सिगारेट पेटविली आणि कांटा हलला, असें सांगतात. पुढें १९६० नंतर अमेरिकेंतील डेन्व्हर येथें ड्युएन पिअरसॉल यांच्या प्रयोगशाळेंतहि सिगारेटच्या धुरानेंच असाच चमत्कार घडला, आणि त्यांतून बॅटरीवर चालणारें, सामान्य गृहस्थास परवडेल असें यंत्र निघालें.

या डब्यांच्या मुख्य जाति दोन. एकींत अमेरिशियम या किरणोत्सर्गी धातूचा अत्यल्प कण असतो. त्याच्या योगें हवेंतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि धुराचे कण शिरले कीं तो मंदावतो. दुसरींत प्रकाशाचा झोत असतो. धूर शिरला कीं प्रकाश विखुरतो आणि डोळ्याचें काम करणाऱ्या भागावर पडतो. भडकून पेटणारी आग पहिली जात लौकर ओळखते, धुमसणारी दुसरी. गादी, कापूस आणि सतरंज्या यांनीं भरलेल्या आमच्या घरांत धुमसणारी आगच अधिक भयंकर, म्हणून दुसरी जात पत्करावी हें बरें. कारण झोंपलेल्या मनुष्याचा प्राण बहुधा ज्वाळा घेत नाहीं, धूर घेतो. आणि झोंपेंत नाक आपणांस जागें करील हा भरंवसा खोटा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशुंच्या कक्षास आग लागून दहा अर्भकें गेलीं. त्यांपैकीं बहुतेक भाजून नव्हे, धुरानें गुदमरून गेलीं, असें तेव्हां आरोग्यमंत्र्यांनीं सांगितलें होतें.

आतां नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाकडे वळूं. हें गांव १८६० नंतर लष्करी छावणी म्हणून वाढलें. मायदेशीं परतणारे गोरे शिपाई येथें जहाजाची वाट पाहत महिनेच्या महिने पडून राहत. त्या कंटाळ्यावरून व तापावरून गांवाच्या नांवाचा अपभ्रंश इंग्रजी भाषेंत वेडेपणाचा वाचक होऊन बसला. छावणीच्या संस्कृतींत आगीची जाग हा शिस्तीचा भाग असे. आगीसाठीं नेमलेली शिपायांची तुकडी, आगीचा ठराविक बिगुल, छपरांस ज्वालाग्राही पदार्थ वापरण्यावर निर्बंध, हें सारें लष्करी रिवाजांत बसलेलें होतें. पुढें येथील कोरड्या, थंड हवेसाठीं मुंबईचे पारशी, गुजराती आणि इतर लोक येऊं लागले. आरोग्यधामें व बंगले उभे राहिले. बिगुल लष्कराच्या हद्दींत राहिला. बंगल्यांतील एकट्यादुकट्या वृद्धाची जाग मात्र कोणीं ठेवावयाची हें अनिश्चितच राहिलें.

कायदा येथें पुरा पडत नाहीं. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा मालकांवर यंत्रणा चालू ठेवण्याचें बंधन घालतो, वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, परवानाधारक संस्थेचा दाखला मागतो. परंतु त्याचा रोख मुख्यतः उंच इमारती, रुग्णालयें, नाट्यगृहें यांकडे आहे. एकमजली कौलारू घरांत छताकडे मान वर करून पाहणारा अधिकारी घरधनी हाच.

त्यानें काय करावें? निजण्याच्या प्रत्येक खोलींत एक, तिच्या बाहेर एक आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक यंत्र असावें. धूर वर चढतो, म्हणून तें छतास लावावें. भिंतीवर लावणें भाग पडल्यास छतापासून वीतभर अंतराच्या आंतबाहेर. उतरतें छप्पर असेल तर आढ्याच्या जवळ, परंतु अगदीं टोंकांत नव्हे. तेथें हवा कोंडून राहते व धूर पोंचत नाहीं. पंख्याच्या पात्यांपासून दूर ठेवावें. चुलीपासून निदान तीन मीटरांचें अंतर असावें, नाहीं तर फोडणीच्या वासाबरोबर रोज आक्रोश होईल. न्हाणीघराच्या दाराशीं लावूं नये, कारण वाफेस धूर समजण्याची ती जुनी चूक यंत्रहि करतें. महिन्यांतून एकदां कळ दाबून आवाज ऐकावा, वर्षांतून एकदां बॅटरी बदलावी, धूळ व पावसाळ्यांतील किडे झाडून काढावे, आणि दहा वर्षें झालीं कीं सबंध डबी बदलावी. खोट्या ओरडीस वैतागून बॅटरी काढून ठेवणें म्हणजे पहारेकरी घोरतो म्हणून त्यास घालवून न देतां त्याचे कान कापण्यासारखें आहे. यंत्राची जागा बदलावी, त्याची जीभ काढूं नये.

आणि शेवटीं तो तापलेला लोखंडाचा गोळा. देवळालीच्या हिंवाळ्यांत खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी खोलींत ठेवण्याचा मोह होतो. नीट फुललेल्या निखाऱ्यांस धूर नसतो. पण त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. धूम्रसूचक यंत्र त्यापुढें मुकें राहतें, कारण त्यास शिकविलेलें अनुमान धुराचें आहे आणि येथें हेतूच नाहीं. त्यासाठीं त्या वायूचें वेगळें यंत्र लागतें, अथवा त्याहून स्वस्त उपाय म्हणजे निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर ठेवणें. ज्यास आपल्या पहारेकऱ्याच्या दृष्टीची मर्यादा ठाऊक नाहीं, त्यास पहारा असूनहि तो नसल्यासारखाच.

कौटिल्यानें घरधन्यास रात्रीं दाराशीं बसविलें, छावणीनें बिगुल दिला, आमच्या काळानें छतावरची ही डबी दिली. साधनें बदललीं, पण जागें ठेवण्याचें ऋण फिटलें नाहीं. शेजारच्या घरांत एकटी म्हातारी राहत असेल तर तिच्या डबीची बॅटरी बदलून देणें हें बारा पणांच्या दंडाहून जुनें आणि त्याहून सोपें असें शेजारधर्माचें कृत्य आहे.