परिचारिकांचा क्षय

क्षयाच्या वॉर्डातील परिचारिका आजारी पडली, की पूर्वी भलेभले डॉक्टर एकच उत्तर देत : तिची प्रकृतीच नाजूक! गिरणीत कापसाच्या धुळीने खोकणाऱ्या कामगाराविषयीही हेच उत्तर मी ऐकलेले आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू दाखविले. सातच वर्षांनी कोर्नेट यांनी प्रशियातील शुश्रूषा करणाऱ्या कॅथलिक जोगिणींच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जवळजवळ दोन-तृतीयांश मृत्यू क्षयाचे निघाले. तरी समजूत हटली नाही. संसर्ग सर्वांना बालपणीच होतो, त्यात वॉर्डाचा काय संबंध, असे म्हणत.

ओस्लोच्या उलेव्होल रुग्णालयात हाइमबेक यांनी १९२४ पासून एक साधीच गोष्ट केली. शिकावयास आलेल्या मुलींची आरंभीच ट्यूबरक्युलिन चाचणी घेतली. सुमारे निम्म्या मुलींना तोवर संसर्गच नव्हता. तीन वर्षांचे शिक्षण संपले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांना झालेला होता. आणि आजारी पडल्या त्या मुख्यतः संसर्गावाचून आलेल्या, धडधाकट मुली! पुढे हाइमबेक अशा मुलींना बी.सी.जी. टोचू लागले.

मला मात्र त्या लसीहून पहिल्या दिवसाच्या नोंदीचे मोल अधिक वाटते. मागे एका सफाई कामगाराची भरपाई मागावयास गेलो होतो. क्षयाच्या वॉर्डात त्याची अनेक वर्षे गेली होती. साहेबांनी शांतपणे विचारले, “रोग येथेच जडला, याला पुरावा काय?” माझ्या पिशवीत पुष्कळ कागद होते, कामावर आला त्या दिवशीच्या तपासणीचा तेवढा नव्हता. तशी तपासणी कोणी केलीच नव्हती.