पुस्तक एडिटरच्या पोटात

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेच्या संगणक खोलीत आम्ही एक दुपार काढली. सुट्टीतही नववी-दहावीची काही मुले पायथॉन शिकायला येत होती. यादी उलटी कशी करायची, एवढेच एका मुलीला पाहायचे होते. तिने ब्राउझर उघडला आणि नेमकी जोडणी गेली. वीज होती, संगणक चालू होता, एडिटरमध्ये तिचा अर्धा प्रोग्रॅमही लिहून झाला होता. नव्हते ते फक्त माहितीचे पान. तास संपेपर्यंत मुले बसून राहिली. खरे तर पायथॉनच्या खिडकीत ‘हेल्प’ लिहून कंसात ‘लिस्ट’ लिहिले असते, तरी उत्तर तिथल्या तिथे मिळाले असते. पण हे आम्हालाही तेव्हा वेळेवर सुचले नाही.

माहिती दूरच्या यंत्रावर असते आणि ती तारेतून आणावी लागते, ही सवय आपल्याला वेबने लावली. त्याआधीची रीत वेगळी होती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली बनवली. तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. पुढे या पुस्तिकेची पाने यंत्रातच ठेवली गेली; ‘मॅन’ लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले की तिचे पान समोर येई.

पण पुस्तक थेट एडिटरमध्ये आले ते एमॅक्समुळे. एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्या साथीने हा एडिटर घडवला. त्यात वापरणारा स्वतःच्या नव्या आज्ञा घालू शकत असे. मग छापील पुस्तकाचा काय उपयोग? ते छापून येईपर्यंत शिळे व्हायचे, आणि शेजारच्या टेबलावरचा एमॅक्स तर आणखीच वेगळा असायचा! तेव्हा एडिटरनेच स्वतःबद्दल सांगावे, हा उपाय निघाला. प्रत्येक आज्ञेसोबत तिचे वर्णनही लिहायचे. आजही एमॅक्समध्ये कंट्रोल-एच, मग के आणि मग कोणतीही कळ दाबून पाहा. ती कळ काय करते ते खालच्या खिडकीत दिसते. कंट्रोल-एच आणि आय दाबले की सबंध ग्रंथालय उघडते. त्याचे नाव ‘इन्फो’. प्रत्येक पानाला पुढचे, मागचे आणि वरचे पान जोडलेले असते, आणि मधल्या दुव्यांवरून उड्या मारता येतात. वेबचा पहिला प्रस्ताव १९८९ चा, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचे मोल कळते. शिवाय ‘टेक्सइन्फो’ या पद्धतीत एकाच मूळ फाइलीतून छापील पुस्तकही निघते आणि पडद्यावरचेही.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, तेही आधी मुंबईसारख्या महानगरांत. तेव्हाच्या उस्मानाबादहून ते वापरायचे म्हणजे एस.टी.डी. लावून मीटरकडे बघत बसणे. लिनक्स गावोगाव पोहोचले ते तारेने नव्हे, टपालाने. ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. अशा सीडीवर प्रणालीबरोबर तिची माहितीपाने असत. एकदा ती यंत्रात उतरवून घेतली की फोनचे बिल न वाढवता हवे तितके वाचता येई.

पुढे जोडणी स्वस्त झाली आणि माहितीपाने वेबवर गेली. ती ताजी राहू लागली, चित्रे आली, हा फायदा आम्ही नाकारत नाही. पण एडिटर सोडून ब्राउझरमध्ये जायचे, तिथे भलतेच काही वाचत बसायचे आणि परत यायचे, हे मागे लागले. २०१३ मध्ये डेव्हडॉक्स आले. त्याने अनेक भाषांची माहितीपाने एका साच्यात आणली. २०१४ च्या एमॅक्समध्ये ‘ईडब्ल्यूडब्ल्यू’ हा छोटा ब्राउझर आला. वेबपान एडिटरच्या खिडकीतच मांडण्याची सोय अशी झाली. पुढे डेव्हडॉक्सच्या नावाचे एमॅक्सचे पॅकेजही निघाले. ते हव्या त्या भाषेचा गठ्ठा एकदाच उतरवून डिस्कवर ठेवते. त्यानंतर शब्द शोधला की शेजारी पान उघडते, आणि त्यातले उदाहरण उचलून आपल्या फाइलीत आणता येते. गठ्ठा म्हणजे शेवटी एक फोल्डर. तालुक्याच्या गावी उतरवून पेनड्राइव्हवर शाळेत नेला तरी चालतो. भाषेची नवी आवृत्ती आली की मात्र तो पुन्हा उतरवावा लागतो.

राहिला प्रश्न मराठीचा. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही मिळतात. ते उतरवून घेऊन, एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम ठेवून शिकता येते. पण तो ऐकण्याचा मामला. अडलेला एक शब्द चित्रफितीत शोधणे जड जाते. एमॅक्सबरोबर येणारा पहिला धडा जपानी, थाई, हिब्रू अशा अनेक भाषांत आहे. २०२३ च्या आवृत्तीत तो मराठीत नव्हता. एमॅक्समध्ये देवनागरी लिहिता येते, इनस्क्रिप्ट कळफलकही आहे. हा धडा म्हणजे हजारेक ओळींची साधी मजकुराची फाइल. त्या मुलांसोबत आम्ही तिच्या पहिल्या काही ओळी मराठीत करून पाहिल्या. ‘कर्सर’ला कर्सरच ठेवले. ‘बफर’पाशी अडलो आहोत.