परदेशाच्या उंबरठ्यावरची नाडीपरीक्षा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या सभासदांच्या याद्या चाळीत असता एक गोष्ट आम्हांस प्रकर्षाने जाणवली. हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना १९६३ मध्ये पिंजौरला उभा राहिला आणि नोकरीनिमित्त काही मराठी कुटुंबे शिवालिकच्या या पायथ्याशी येऊन वसली. त्यांतील अनेकांची मुले आज कॅनडात वा ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत. कायमच्या वास्तव्याची परवानगी मागणाऱ्यास त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांपुढे उभे राहावे लागते. पिंजौरची मुले त्यासाठी चंडीगडला जातात, तेव्हा ही आजकालची रीत असावी असे वाटते. वस्तुतः तिची मुळे दीडशे वर्षांहून जुनी आहेत आणि तिचा एक धागा थेट आमच्या कोकणाशी जाऊन मिळतो.

१८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजूर करारावर नेण्यास प्रारंभ झाला. त्यांच्या हालांचा बोभाटा झाल्याने ही वाहतूक काही काळ थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्यान्वये ती कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून पुन्हा सुरू झाली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील माणसे पुष्कळ होती. त्यांच्या वंशजांनी तेथे आजही मराठी जपली आहे. जहाजावर चढण्यापूर्वी मजुराची वैद्यकीय तपासणी होई. १८६४ च्या कायद्याने तर बंदरावरील वैद्यकीय निरीक्षकाची कर्तव्येच बांधून दिली. परंतु या तपासणीत मुख्य प्रश्न एकच असे : हा देह प्रवास सोसून मळ्यात राबेल काय?

रोगाची भीती खोटी होती असे नव्हे. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून निघालेल्या दोन जहाजांवर पटकी उद्भवली. मॉरिशसच्या अधिकाऱ्यांनी त्यांवरील उतारूंना गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरविले. पुरेशा निवाऱ्यावाचून व औषधपाण्यावाचून अडीचशेहून अधिक जीव तेथे गेले. हिंदुस्थान सरकारने संतापून कलकत्त्याहून होणारी मजूरभरतीच काही काळ बंद केली. बेटावरील वसाहत साथीपासून वाचावी हा हेतू योग्यच. पण त्याची किंमत मोजली ती ज्यांना बोलण्याची सोय नव्हती त्यांनी.

पुढे तपासणीचे हत्यार माणसे रोखण्यासाठीही वापरले गेले. सॅन फ्रान्सिस्कोजवळील एंजल बेटावर १९१० मध्ये स्थलांतरितांचे तपासणी केंद्र उघडले. तेथे आतड्यातील अंकुशकृमी आढळल्यावरून अनेक हिंदी लोकांस परत धाडण्यात आले. वास्तविक हा विकार औषधाने बरा होणारा. १९७९ च्या जानेवारीत तर विवाहासाठी इंग्लंडला गेलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यतपासणी करण्यात आली. वृत्तपत्राने ही गोष्ट उजेडात आणली, भारत सरकारने निषेध नोंदविला आणि ती लज्जास्पद प्रथा थांबली. अशा तपासण्या भारतातील ब्रिटिश कचेरीतही झाल्या होत्या, हे २०११ मध्ये जुन्या सरकारी कागदपत्रांवरून उघड झाले.

आजची पद्धत पुष्कळ सौम्य आहे. सर्वसाधारण तपासणी, रक्त, लघवी आणि छातीचा क्ष-किरण फोटो, एवढ्यावर काम भागते. तरीही आमच्या एका स्नेह्यांच्या फोटोत लहानपणी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण दिसला, तेव्हा थुंकीची परीक्षा आली आणि तिच्या निकालाची काही आठवड्यांची प्रतीक्षाही. बांधलेल्या ट्रंकांकडे पाहत त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भावोजी, हा आजार तर आम्ही केव्हाच विसरलो होतो!" सुदैवाने निकाल निर्दोष आला.

आम्ही स्वतः सरकारी नोकर. नियमांवाचून राज्य चालत नाही हे आम्ही जाणतो. साथ रोखणारा नियम आम्हांस मान्य आहे. प्रश्न आहे तो माणसाचा खर्च मांडणाऱ्या नियमाचा. उपचारांचा भार अवाजवी ठरेल म्हणून अर्ज नाकारण्याची तरतूद कॅनडाच्या कायद्यात आहे. २०१८ मध्ये तिची खर्चमर्यादा तिपटीने वाढविली गेली आणि मुलांच्या विशेष शिक्षणाचा खर्च त्या हिशेबातून वगळला गेला. नियम माणसांनीच केलेले असतात, म्हणून ते बदलतातही, याचा हा पुरावा होय.

तेव्हा आमच्या तरुण मित्रांनी तपासणीस निर्भयपणे सामोरे जावे, जुना आजार लपवू नये आणि आपले हक्कही जाणून घ्यावेत. त्यांच्याआधी कोकणातली माणसे याच उंबरठ्यावर उभी राहिली होती. त्यांना कोणी काही समजावून सांगितले नव्हते. निदान आपल्या मुलांना तरी आपण ते सांगावे.