सावकाराची वही आणि १८७९ चा कायदा

लक्ष्मीपूजनाला वही पूजायची, पण परक्याला दाखवायची नाही, ही जुनी व्यापारी रीत. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ती जाळली गेली. १८५९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खताची मुदत ३ वर्षे केली होती. मुदत भरत आली की थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत. निरक्षर कुळ नांगराची निशाणी करून मोकळे होई. मूळ रक्कम किती, हे खतावरून कळत नसे आणि कोर्टही खतापलीकडे सहसा पाहत नसे.

१८७९ चा शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. न्यायाधीशाने व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास वार्षिक हिशेब आणि पासबुकही द्यावे, असे त्याने ठरवले. कंपनी कायद्यातले प्रकटीकरण प्रामुख्याने पैसा गुंतवणाऱ्यासाठी. इथे ते ऋणकोसाठी होते, आणि हे मला अधिक धाडसाचे वाटते. पळवाट निघालीच. कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखत लिहून घ्यायचे, परतीचे वचन मात्र तोंडी. मग खरा व्यवहार कोणता हे ठरवण्यासाठी तोंडी पुरावाही घेता यावा, म्हणून कलम १० अ घालावे लागले.