मापात पाप आणि इंटरनेटचा वेग

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या घराची शाळा झाली होती. पुढच्या खोलीत मी दहावीला मराठी शिकवायचो, आतल्या खोलीत माझी मुलगी सातवीचे गणित शिकायची. महिन्याचे पहिले पंधरा-वीस दिवस बरे जायचे. मग मुलांचे चेहरे पडद्यावर गोठायचे, माझा आवाज तुटायचा, आणि पलीकडून एखादी मुलगी सांगायची, "सर, तुम्ही समासापर्यंत आलात आणि गायब झालात."

इंटरनेटवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेले. "सर, राउटर बंद करून चालू करा." चार महिने मी तेच करत राहिलो. आमच्या अब्बांचे किराणा दुकान होते. ते हा प्रकार रोज पाहत होते. एके दिवशी म्हणाले, "बेटा, माल कमी येतोय असं तू रोज म्हणतोस. पण तराजू कुठे लावलास?"

या प्रश्नाचे माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना जो इतिहास वाचला, तो आज वाचकांसमोर ठेवतो. घरी इंटरनेट घेणाऱ्या प्रत्येकाच्या तो उपयोगाचा आहे.

आपल्याकडे 'मापात पाप' हा शब्द बाजारातूनच आला. कुरआनातील ८३ व्या सूरेचे नावच 'मुतफ्फिफीन', म्हणजे माप मारणारे. जुन्या मुस्लिम शहरांत बाजाराची वजने-मापे तपासायला मुहतसिब नावाचा अधिकारी असे. अब्बांच्या दुकानातही ठरलेल्या मुदतीने वजनांवर सरकारी शिक्का बसायचा. पेट्रोल पंपावर आजही पाच लिटरचे माप मागून तपासता येते. इंटरनेटचा माल मात्र दिसत नाही आणि हातात घेता येत नाही. म्हणून तो कमी दिला तरी आपण दोष देतो राउटरला, पावसाला, नाहीतर स्वतःला.

कंपनीने जाणूनबुजून वेग कमी करण्याला इंग्रजीत थ्रॉटलिंग म्हणतात. आपण त्याला वेग आवळणे म्हणू. त्याचे तीन प्रकार आहेत. ठरलेला डेटा संपला की सगळाच वेग कमी करणे, हा पहिला. गर्दीच्या वेळी सगळ्यांना थोडे थोडे कमी देणे, हा दुसरा. तिसरा म्हणजे ग्राहक काय पाहतो, काय पाठवतो ते ओळखून तेवढ्याच गोष्टीचा वेग कमी करणे. पहिले दोन उघडपणे सांगून केले तर तो व्यवहार असतो. तिसऱ्यात मधला माणूस आपले पाकीट चाचपून पाहतो आणि कोणते पुढे पाठवायचे ते स्वतः ठरवतो.

मधल्या माणसाची ही भीती इंटरनेटपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत १८६० साली पॅसिफिक टेलिग्राफ कायदा झाला. तार कोणाचीही असो, ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, भेदभाव न करता पाठवायची, असे त्यात घातले होते. अपवाद फक्त सरकारी तारांचा.

टेलिफोन आल्यावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचे साहित्य आणि सेवा पुरवण्याचा धंदा करत असे. त्या काळी फोन ऑपरेटर जोडून देई. गोष्ट अशी सांगतात की, स्ट्रोजरच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. गोष्टीत मीठमसाला किती, हा भाग सोडा. पण स्ट्रोजरने ऑपरेटरशिवाय फोन जोडणारे यंत्र बनवले, १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावात त्या पद्धतीचे एक्स्चेंज सुरू झाले, एवढे पक्के आहे.

आता २००७ सालात येऊ. रॉब टोपोल्स्की हा अमेरिकेतला नेटवर्क क्षेत्रातला जाणकार. त्याला बार्बरशॉप प्रकारच्या जुन्या गाण्यांचा नाद होता. चार पुरुष वाद्यांशिवाय एकत्र गातात, तो हा प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, कॉपीराइट संपलेली ध्वनिमुद्रणे तो इतर शौकिनांना इंटरनेटवरून द्यायचा. त्यासाठी बिटटॉरेंटसारखे, एका घरातल्या संगणकावरून दुसऱ्या घरातल्या संगणकावर थेट फाइल पाठवणारे प्रोग्रॅम वापरायचा. त्याच्या लक्षात आले की बाकी सगळे नीट चालते, फक्त आपल्याकडून फाइल बाहेर जात नाही. त्याची जोडणी कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीची होती.

टोपोल्स्कीने आपल्या तारेवरून जाणारे-येणारे संदेश नोंदवायला सुरुवात केली. दोन संगणक बोलत असताना संभाषण बंद करायचे असेल तर एक जण तसा छोटा संदेश पाठवतो. त्याच्या नोंदीत असे संदेश दिसत होते, पण ते पलीकडच्या संगणकाने पाठवलेलेच नव्हते. मधल्या कंपनीने दोघांच्या नावाने खोटे संदेश घुसवले होते. दोन माणसे फोनवर बोलत असताना तिसऱ्याने पहिल्याचा आवाज काढून "बरं, ठेवतो" म्हणावे, तसा हा प्रकार. स्ट्रोजरची ऑपरेटर यंत्राच्या रूपात परत आली होती.

त्याने हे जगासमोर मांडले तेव्हा कंपनीने कानावर हात ठेवले. मग असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी घेतली. त्यासाठी फाइल निवडली किंग जेम्स बायबलची, म्हणजे चोरीचा माल म्हणण्याची सोय राहू नये. तीनपैकी दोन प्रयत्नांत फाइल गेलीच नाही, तिसऱ्या वेळी दहा मिनिटांनी सुरुवात झाली. ऑक्टोबर २००७ मध्ये ही बातमी आली. कंपनी आता म्हणू लागली की आम्ही अडवत नाही, फक्त उशीर करतो.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. केबलच्या जाळ्यात बाहेर पाठवण्याची वाट अरुंद असते आणि ती शेजारपाजारच्या घरांत वाटलेली असते. चार जणांनी दिवसरात्र फाइली पाठवल्या तर बाकीच्यांना त्रास होणारच. गर्दी खरी होती. पण उपाय करताना कोण किती वापरतो हे न पाहता काय वापरतो हे पाहिले गेले, आणि ग्राहकाला काही सांगितले नाही. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, एफसीसीने, तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीला दोषी धरले. कंपनीने पद्धत बदलली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून महिन्याला २५० जीबीची उघड मर्यादा जाहीर केली. पुढे एप्रिल २०१० मध्ये, आयोगाला असा अधिकारच नव्हता, असे म्हणत न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०१५ मध्ये तिथे कडक नियम आले, २०१७ मध्ये काढले, २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा रद्द केले. कागदावरचे नियम असे येतात आणि जातात.

वेग आवळण्याची झळ कुठवर जाते, ते २०१८ च्या उन्हाळ्यात दिसले. कॅलिफोर्नियात मेंडोसिनो भागात मोठा वणवा पेटला होता. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची संपर्काची गाडी व्हेरायझन कंपनीच्या 'अमर्याद' योजनेवर चालत होती. डेटाची हद्द ओलांडताच वेग सुमारे दोनशेवा हिस्सा झाला. आग समोर असताना दलाला जास्त पैशांच्या योजनेबद्दल बोलणी करावी लागली. कंपनीने नंतर आपल्या ग्राहक सेवेची चूक कबूल केली. 'अमर्याद' या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी हा प्रसंग आठवावा.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हा सगळेच इतके हळू होते की वेग आवळायला जागाच नव्हती. भांडण पेटले २०१५ मध्ये. मार्चमध्ये ट्रायने एक चर्चापत्र काढले आणि वेगवेगळ्या सेवांना वेगवेगळे दर लावावेत का, हा प्रश्न लोकांसमोर आला. उत्तरादाखल दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. ठरावीकच संकेतस्थळे फुकट दाखवणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजनाही याच वादात सापडली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ मध्ये परवान्यांच्या अटीतच आले की कंपनीने एखादी सेवा अडवू नये, मुद्दाम हळू करू नये, कोणाला झुकते मापही देऊ नये.

म्हणजे तिसरा प्रकार आपल्याकडे नियमबाह्य आहे. पहिला मात्र चालतो. त्याचे नाव एफयूपी, म्हणजे वाजवी वापराची मर्यादा. अनेक घरगुती फायबर योजनांत ती महिन्याला ३३०० जीबी असते, स्वस्त योजनांत बरीच कमी. ती संपल्यावर वेग किती राहील, हे योजनेच्या बारीक अक्षरांत असते. आपण फक्त मोठे अक्षर वाचतो.

आता अब्बांचा तराजू. जोडणी घेण्याआधी तीन आकडे लेखी मागा: डेटाची मर्यादा, मर्यादेनंतरचा वेग आणि अपलोडचा वेग. ऑनलाइन तासात आपला चेहरा आणि आवाज अपलोडमधूनच जातो.

एककाचा घोळ समजून घ्या. कंपनी मेगाबिट सांगते, संगणक फाइल मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइट उतरले तर माप पूर्ण आहे. इथे अनेक जण विनाकारण भांडतात.

वेग मोजताना वायफाय नको. राउटरला लॅनची तार लावून लॅपटॉपवर मोजा, घरातली बाकी साधने बंद ठेवून. भिंतीआड मंद होणारे वायफाय हा आपला प्रश्न, कंपनीचा नव्हे.

एक वही करा. सकाळ, दुपार आणि रात्री नऊ, अशा तीन नोंदी आठवडाभर घ्या, आणि जमले तर महिनाअखेरीस पुन्हा. साध्या वेग-चाचणीसोबत फास्ट डॉट कॉमवरही मोजा. ही चाचणी नेटफ्लिक्सची आहे आणि डेटा त्यांच्याच सर्व्हरवरून येतो. त्यामुळे व्हिडिओचा वेग वेगळा केला असेल तर दोन आकड्यांत फरक दिसतो.

मग वही वाचा. रोज रात्रीच वेग पडत असेल तर गर्दी आहे. महिन्याच्या ठरावीक तारखेनंतर पडून तसाच राहत असेल तर मर्यादा संपली. एकच सेवा हळू असेल, तर व्हीपीएन लावून तीच सेवा पाहा. व्हीपीएनमध्ये आपले पाकीट दुसऱ्या बंद पाकिटात जाते, आत काय आहे ते इंटरनेट कंपनीला दिसत नाही. तेव्हा वेग वाढला तर संशयाला जागा आहे. पण कंपनीचा रस्ताच लांबचा असू शकतो, म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नका.

व्हीपीएन म्हणजे ताईत नव्हे. मर्यादा त्याने वाढत नाही, कारण बंद पाकिटाचेही वजन होतेच. शिवाय जो विश्वास इंटरनेट कंपनीवर होता तो आता व्हीपीएनवाल्यावर टाकावा लागतो. फुकटच्या व्हीपीएनवर तर फारच जपून. डीएनएस बदलल्याने वेग सुटतो, असेही सांगतात. डीएनएस फक्त संकेतस्थळाचा पत्ता शोधून देते. पत्ता लवकर सापडला म्हणून रस्ता रुंद होत नाही.

वही हातात आल्यावर तक्रार करा आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागा. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. "नेट हळू आहे" या वाक्याला राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला मिळतो. तारीख, वेळ आणि आकडे समोर ठेवले की बोलण्याचा सूर बदलतो.

माझ्या वहीत काय निघाले, ते सांगायला हवे. वीस तारखेच्या आसपास वेग १ मेगाबिटवर येत होता. योजनेची मर्यादा संपत होती, आणि ती मला जोडणी देताना कोणी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यातही कधी कधी आवाज तुटायचा, त्याचे कारण वेगळेच होते. मुलांनी पाठवलेल्या गृहपाठाचे शेकडो फोटो माझाच फोन ऐन तासाच्या वेळी बॅकअपला चढवत होता. अपलोडची अरुंद वाट मीच भरून टाकत होतो. निम्मे पाप माझ्याच तराजूत निघाले.

बॅकअप रात्रीवर टाकला. वही घेऊन इंटरनेटवाल्याकडे गेलो, तेव्हा त्याने पहिल्यांदाच खुर्ची दिली आणि मोठ्या मर्यादेची योजना दाखवली. महिन्याला दीडशे रुपये जास्त पडले. घरी येऊन अब्बांना हिशेब सांगितला. त्यांनी विचारले, "नवीन योजनेचं माप लिहून घेतलंस ना?" घेतले होते. ती वही अजून राउटरशेजारीच असते.